ईएसबीओचा ड्रम घ्यावा का? नागपूरच्या पीव्हीसी कारखानदारांसाठी सोयाबीन प्लास्टिसायझरचं परीक्षण

मऊ पीव्हीसीच्या कारखान्यात रेझिनच्या (पीव्हीसीच्या पावडरीच्या) खालोखाल पैसा खातो तो प्लास्टिसायझर, म्हणजे कडक पीव्हीसीला मऊ करणारा तेलकट द्रव. गार्डन पाईप असो, कूलरच्या पंपाची नळी असो, चपलेचा सोल असो की वायरचं आवरण, बहुतेक ठिकाणी हा प्लास्टिसायझर म्हणजे डीओपी (डायऑक्टिल थॅलेट). तो तयार होतो थॅलिक अनहायड्राइड आणि २-इथाइल हेक्सनॉल यांच्यापासून. पहिलं येतं ऑर्थो-झायलीनमधून आणि दुसरं प्रोपिलीनमधून, म्हणजे दोन्हींचं मूळ पेट्रोलियमच. त्याच्या जागी, निदान काही हिश्शापुरतं, वापरता येणारं सोयाबीनचं तेल म्हणजे एपॉक्सीडाइज्ड सोयाबीन तेल. बाजारात त्याला सरसकट ईएसबीओ म्हणतात. हिंगणा, बुटीबोरी, कामठी रोडवरच्या युनिटांना ते २०० लिटरच्या ड्रममध्ये किंवा टँकरने मिळतं.

निकाल आधीच सांगून टाकू. ड्रम घ्यावा. डीओपीच्या साधारण पाचव्या हिश्शाच्या जागी आणि कॅल्शियम-झिंक स्टॅबिलायझरचा (तापल्यावर पीव्हीसी बिघडू नये म्हणून घालतात त्या रसायनाचा) जोडीदार म्हणून हा माल पैसे वसूल करून देतो. पण तो ऑक्सिरेनचा, म्हणजे तेलात एपॉक्सी किती बसला आहे त्याचा, आकडा पाहून घ्यायचा, किलोचा भाव पाहून नाही. आणि ‘डीओपी शंभर टक्के काढून टाका’ असं कोणी विक्रेता सांगत असेल तर त्याचं ऐकू नका.

आकड्यांचा अर्थ कळण्यासाठी हे तेल कसं बनतं ते थोडं समजून घ्यावं लागतं. सोयाबीन तेलाच्या एका रेणूत सरासरी साडेचारच्या आसपास दुहेरी बंध असतात. या बंधांवर ऑक्सिजनचा एकेक अणू बसवला की तीन टोकांचं कडं तयार होतं, तोच एपॉक्सी किंवा ऑक्सिरेन गट. ऑक्सिजन येतो हायड्रोजन पेरॉक्साइडमधून, पण पेरॉक्साइड थेट तेलाला भिडत नाही. मध्ये फॉर्मिक किंवा ॲसिटिक आम्ल दलाली करतं: पेरॉक्साइडकडून ऑक्सिजन घेतं, परआम्ल बनतं, तेलाला ऑक्सिजन देतं आणि पुन्हा मूळ आम्ल होऊन परत येतं. म्हणून आम्ल कमी लागतं आणि पेरॉक्साइड भरपूर. आयोडीन मूल्य (दुहेरी बंध किती आहेत ते सांगणारा आकडा) १३० असलेल्या १०० किलो तेलाला हिशेबाने १७.४ किलो शुद्ध पेरॉक्साइड लागतं, म्हणजे ५० टक्के तीव्रतेचं सुमारे ३५ किलो. थोडं जास्तीचं धरून कारखान्यात ४० किलोच्या आसपास घालतात. ८५ टक्क्यांचं फॉर्मिक आम्ल दहा-अकरा किलो पुरतं.

खरी परीक्षा असते उष्णतेची. एका दुहेरी बंधामागे सुमारे २३० किलोज्यूल प्रति मोल उष्णता बाहेर पडते. १०० किलो तेलामागे ती २८ हजार किलोकॅलरीच्या घरात जाते. एवढ्या उष्णतेत साध्या तापमानाचं साडेतीनशे किलो पाणी सहज उकळीला येईल. त्यामुळे पेरॉक्साइड काही तासांत, बारीक धारेने, ढवळणी चालू ठेवून आणि रिॲक्टरभोवतीच्या जॅकेटमध्ये थंड पाणी फिरवत घालावं लागतं. तापमान ५५ ते ६५ अंशांत धरून ठेवावं लागतं. नागपूरच्या मे महिन्यात कूलिंग टॉवरचं पाणीच तापलेलं असतं. उन्हाळ्यातला माल कधी कधी हिवाळ्यातल्यापेक्षा कमी ऑक्सिरेनचा निघतो त्याचं एक कारण इथे सापडतं. तापमान वर सरकलं की नुकतंच बसलेलं कडं आम्ल आणि पाण्यामुळे उघडतं आणि तिथे हायड्रॉक्सिल गट येतो. कागदावर दुहेरी बंध संपलेला दिसतो, पण एपॉक्सी तिथे नसतो. आणि ढवळणी बंद पडली तर प्रकरण नुसत्या दर्जापुरतं राहत नाही. साचलेलं पेरॉक्साइड एकदम पेटून उठतं आणि रिॲक्टर हाताबाहेर जातो. ‘आपल्याच शेडमध्ये ड्रमच्या भांड्यात बनवून बघू’ असा विचार कोणाच्या मनात असेल तर तो सोडून द्यावा. हे काम तापमान-नियंत्रण आणि आपत्कालीन निचरा असलेल्या रिॲक्टरचंच आहे.

प्रक्रिया संपली की खालचा पाण्याचा थर सोडतात, तेल गरम पाण्याने धुतात, गरज पडली तर थोड्या सोड्याने आम्ल मारतात आणि शेवटी व्हॅक्यूममध्ये वाळवतात. सुरुवातीचं तेल नीट डिगम केलेलं (त्यातला चिकट गाळ काढलेलं) नसेल तर या धुण्यातच पायस (तेल-पाण्याचं दुधाळ मिश्रण) बनतं आणि थर सुटता सुटत नाही. मग घाईत धुणं अर्धवट उरकलं जातं. त्याचा दोष तुमच्या एक्स्ट्रूडरवर (पाईप काढणाऱ्या मशीनवर) दिसतो, त्यांच्या रिॲक्टरवर नाही.

आता टेस्ट सर्टिफिकेट हातात घ्या. पहिला आकडा ऑक्सिरेन ऑक्सिजनचा. १३० आयोडीन मूल्याच्या तेलातून गणिताने जास्तीत जास्त ७.५७ टक्के निघू शकतो. चांगला ईएसबीओ ६.५ ते ७ टक्क्यांत बसतो. ६.३ च्या खाली असेल तर भाव कमी करून मागा. ६ च्या खाली असेल तर ड्रम परत पाठवा, कारण तुम्ही पैसे एपॉक्सीचे देत आहात आणि मिळतंय अर्धवट प्रक्रिया झालेलं तेल.

दुसरा आकडा आयोडीन मूल्याचा. किती दुहेरी बंध तसेच राहिले ते तो सांगतो. ५ च्या आत हवा, ३ च्या आत असेल तर उत्तम. हे दोन्ही आकडे नेहमी जोडीने वाचायचे. आयोडीन कमी आणि ऑक्सिरेनही कमी असेल, तर कडी बनून पुन्हा उघडली आहेत. असं तेल घट्ट असतं आणि पीव्हीसीशी त्याचं नीट जमत नाही. आयोडीन जास्त आणि ऑक्सिरेन कमी असेल, तर प्रक्रिया अर्धी राहिली आहे किंवा साधं तेल मिसळलं आहे. असा माल पाईपमधून महिन्या-दोन महिन्यांत बाहेर येऊन पृष्ठभाग चिकट करतो. नुसत्या ऑक्सिरेनवर खरेदी करणाऱ्यांना हा फरक दिसत नाही.

आम्ल मूल्य, म्हणजे तेलात उरलेल्या आम्लाचं माप, ०.५ च्या आत हवं. एकाच्या पुढे गेलं तर समजा धुणं झालेलंच नाही. तो माल साठवणीतच बिघडत जातो, कारण उरलेलं आम्ल स्वतःच कडी उघडत बसतं. ओलावा ०.१ टक्क्याच्या आसपास असावा. ०.३ च्या पुढे गेला की पारदर्शक नळीत बारीक बुडबुडे दिसतात आणि ऑपरेटर बिचारा उगाच मशीनचा व्हेंट (वाफ सुटायची वाट) साफ करत बसतो. घनता २५ अंशांना ०.९९ च्या आसपास. चिकटपणा ३०० ते ४५० सेंटिपॉइज, म्हणजे डीओपीच्या पाच-सहा पट जाड. रंग फिकट पिवळा. नाकाला खवट वास आला तर पुढचं काहीही तपासायची गरज नाही.

भेसळीकडे मात्र नीट लक्ष द्यावं लागतं. ईएसबीओत दोन गोष्टी मिसळल्या जातात: साधं रिफाइंड सोयाबीन तेल आणि क्लोरिनेटेड पॅराफिन. दोन्ही स्वस्त. साध्या तेलाची घनता ०.९२, ५२ टक्के क्लोरीनच्या पॅराफिनची १.२५ च्या आसपास. आकारमानाने चार भाग साधं तेल आणि एक भाग पॅराफिन एकत्र करा, घनता येते ०.९८६. घनता मोजणारा हायड्रोमीटर तुम्हाला सांगेल की माल चोख आहे! म्हणून नुसत्या हायड्रोमीटरवर विसंबून ड्रम उतरवून घेऊ नये.

पॅराफिन पकडायला तांब्याची तार पुरते. दीड-दोन मिलिमीटर जाडीची तार बुचात खोचून घ्या. तिचं टोक गॅसच्या निळ्या ज्योतीत लाल होईपर्यंत धरा. ज्योतीत हिरवा रंग दिसायचा पूर्ण बंद होईपर्यंत धरून ठेवा. तार थोडी निवू द्या, टोक तेलात बुडवा आणि पुन्हा ज्योतीच्या कडेला न्या. तेल आधी पिवळ्या धुरकट ज्वाळेने जळून जाईल. ते जळल्यावर तांब्याभोवती हिरवी किंवा हिरवट-निळी झाक उठली तर तेलात क्लोरीन आहे. शुद्ध ईएसबीओ हिरवा रंग देत नाही. पण एक खबरदारी घ्या: ही चाचणी मिक्सरजवळ करू नका. पीव्हीसीच्या पावडरची चिमूटभर धूळ तारेवर किंवा बोटांवर असली तरी ज्योत हिरवी होते, आणि चांगल्या विक्रेत्याचा माल विनाकारण परत जातो. ऑफिसात, हात धुऊन, खिडकी उघडी ठेवून करा. आधी कोऱ्या तारेची ज्योत पाहा, मग तेलाची.

साधं तेल पकडायला ऑक्सिरेनचं टायट्रेशनच लागतं. ज्याच्याकडे चार काचेची भांडी आणि मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा तराजू आहे, त्याला ते जमतं. शंकूपात्रात ०.४ ग्रॅम नमुना अचूक तोलून घ्या. दहा मिलिलिटर ग्लेशियल ॲसिटिक आम्लात विरघळवा. क्रिस्टल व्हायोलेट या रंग बदलणाऱ्या निदर्शकाचे चार-पाच थेंब टाका आणि ग्लेशियल ॲसिटिक आम्लातल्या ०.१ नॉर्मल हायड्रोजन ब्रोमाइडने टायट्रेट करा. जांभळा रंग निळसर हिरवा होऊन अर्धा मिनिट टिकला की थांबा. टक्केवारी काढायचं सूत्र: वाचन (लागलेले मिलिलिटर) गुणिले नॉर्मलिटी (द्रावणाची तीव्रता) गुणिले १.६, भागिले नमुन्याचं वजन. ०.४ ग्रॅमला ६.५ टक्क्यांचा माल १६.२५ मिलिलिटर घेतो. वाचन बारा-तेरावर आलं तर सर्टिफिकेट बाजूला ठेवा. हायड्रोजन ब्रोमाइडचं द्रावण उडतं, त्यामुळे त्याची नॉर्मलिटी रोज नव्याने ठरवावी लागते. कालच्या नॉर्मलिटीवर आजचा निकाल काढला तर आकडा खरा नसतो. वाफा घशाला झोंबतात, फ्यूम हूडशिवाय हे करू नये. ज्यांच्याकडे ही सोय नाही त्यांनी बाहेरच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवावा. नागपुरात तेलाची जाण असलेली माणसं शोधावी लागत नाहीत. १९४२ साली सुरू झालेल्या आणि २०२३ पासून विद्यापीठ झालेल्या एलआयटीत (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत) तेल तंत्रज्ञान हा विषय पिढ्यानपिढ्या शिकवला जातो, आणि तिथून शिकलेला कोणी ना कोणी प्रत्येक एमआयडीसीत भेटतोच.

दर लॉटचा अर्धा लिटर नमुना काचेच्या बाटलीत, तारीख आणि बॅच नंबर लिहून, वर्षभर ठेवून द्या. तक्रारीच्या वेळी बोलण्यापेक्षा ती बाटली जास्त कामी येते.

मशीनवर हा माल कसा वागतो ते आता पाहू. मऊ पाईपची साधी रेसिपी धरू: के-६७ दर्जाचं सस्पेन्शन रेझिन १०० किलो, डीओपी ५०, कॅल्शियम-झिंक स्टॅबिलायझर २, कॅल्शियम कार्बोनेट २०, स्टिअरिक आम्ल ०.२. यातलं १० किलो डीओपी काढा आणि ११ किलो ईएसबीओ घाला. एक किलो जास्त अशासाठी, की ईएसबीओचा रेणू मोठा आहे. डीओपीचा रेणूभार ३९०, याचा हजाराच्या जवळपास. त्यामुळे तेवढ्याच वजनाला तो किंचित कमी मऊपणा देतो. हा किलोभर वाढवला की शोअर ए या मापावरचा कडकपणा पुन्हा ८० च्या आसपास येतो.

गडबड होते ती बहुतेक मिक्सरमध्ये. ईएसबीओ जाड असतो. ड्रममधून थेट बादलीने हाय-स्पीड मिक्सरमध्ये ओतला तर काही रेझिन त्याला आधी पिऊन घेतं आणि काही कोरडंच राहतं. पुढे पाईपमध्ये न वितळलेले दाणे दिसतात, ज्यांना सगळे फिश आय म्हणतात, आणि दोष स्क्रीन पॅकवर (मशीनमधल्या गाळणीवर) जातो. त्यावर उपाय सोपा आहे. दोन्ही द्रव एका टाकीत आधी एकत्र करा आणि ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करून घ्या. मिक्सरमध्ये रेझिन आणि स्टॅबिलायझर टाकून फिरवा. तापमान ६० ला पोहोचलं की गरम मिश्रण हळूहळू सोडा. पावडर ओली दिसेल, भिंतीला चिकटेल, मोटरचे अँपिअर चढतील. घाबरू नका. ८५-९० च्या पुढे रेझिन तेल शोषून घेतं आणि पावडर पुन्हा मोकळी वाहायला लागते. कॅल्शियम कार्बोनेट त्यानंतरच टाकायचं. आधी टाकलं तर रेझिनच्या वाट्याचं तेल तेच पिऊन बसतं. ११० ते ११५ अंशांवर कूलरमध्ये सोडा आणि ४५ च्या खाली आल्याशिवाय पोत्यात भरू नका. गरम भरलेलं कंपाऊंड (तयार मिश्रण) आपल्या उन्हाळ्यात पोत्यातच ढेकळं होऊन बसतं.

एक्स्ट्रूडरवर बॅरलचं तापमान १४५ पासून १६० पर्यंत चढतं ठेवा, डाय १६५ च्या आसपास. डीओपीच्या जुन्या सेटिंगमध्ये फारसा बदल करावा लागत नाही, हा या मालाचा मोठा गुण.

ईएसबीओचं सगळ्यात चांगलं काम मात्र उष्णतेच्या स्थिरतेत दिसतं. पीव्हीसी तापलं की हायड्रोजन क्लोराइड सोडतं, आणि एकदा ते सुटायला लागलं की पुढची फूट आणखी वेगाने होते. एपॉक्सीचं कडं हे आम्ल पकडून स्वतः उघडतं. कॅल्शियम-झिंकबरोबर तर याची जोडी फारच जमते. झिंक सुरुवातीचा रंग छान राखतं, पण त्यातून तयार झालेलं झिंक क्लोराइड पुढे पीव्हीसीला एकदम काळं करतं. मशीन अर्धा तास बंद पडून पुन्हा सुरू केल्यावर काळे पट्टे येतात ते यानेच. १०० किलो रेझिनमागे ३ ते ५ किलो ईएसबीओ हे काळवंडणं बरंच लांबवतो. शिशाचं स्टॅबिलायझर सोडून कॅल्शियम-झिंककडे वळलेल्या प्रत्येकाने एवढा तरी ईएसबीओ घालावाच. पीव्हीसी पाईपमधल्या शिशाबद्दल २०२१ चे नियम आले तेव्हापासून हा बदल टाळण्यासारखा राहिलेला नाही. मात्र ताठ पाईप बनवणाऱ्यांनी हात आखडता ठेवावा. १ ते २ किलोच्या पुढे गेलात तर पाईप उष्णतेत लवकर नरम पडतो, आणि नागपूरच्या गच्चीवर टाकीला जोडलेल्या पाईपला ते परवडणारं नाही.

हा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर दोन्ही रेसिपींच्या पट्ट्या दाबून १८० अंशांच्या ओव्हनमध्ये टांगा. दर दहा मिनिटांनी एकेक तुकडा काढून पांढऱ्या पुठ्ठ्यावर क्रमाने चिकटवा. पिवळेपणा कुठे सुरू होतो, तपकिरी कुठे होतो, हे दोन ओळींत शेजारी शेजारी दिसतं. विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा या पुठ्ठ्यावर विश्वास ठेवावा.

मग शंभर टक्के का नको? ईएसबीओ पीव्हीसीत विरघळून राहतो तो एपॉक्सी गटांच्या जोरावर. उन्हात आणि ओलाव्यात हे गट हळूहळू उघडतात, त्यांच्या जागी हायड्रॉक्सिल येतात आणि तेलाला पीव्हीसीत राहणं जमेनासं होतं. ते बाहेर येतं. पाईपला आधी चिकटपणा, मग त्यावर धूळ, मग काळपट थर. दुकानात सावलीत गुंडाळी ठेवलेली असताना काही दिसत नाही. शेतात संत्र्याच्या झाडाखाली पडलेल्या पाईपला चारेक महिन्यांत दिसतं. ५० पैकी १०-१२ किलोपर्यंत ईएसबीओ असेल तर डीओपीच्या सोबतीने तो आत टिकतो. २० च्या पुढे गेलात तर उघड्यावर वापरायच्या मालात हा धोका पत्करू नये. घरात राहणाऱ्या, उन्हापासून दूर असलेल्या मालात थोडं पुढे जाता येतं, पण चाचणी करूनच.

चाचणीला महागडं यंत्र लागत नाही. पाईपच्याच कंपाऊंडच्या दाबलेल्या शीटची बोटभर रुंद पट्टी मधोमध दुमडून चिमट्याने घट्ट धरा. आतल्या बाजूला दाब बसतो आणि न जमणारं तेल तिथेच आधी सुटतं. चार तासांनी, दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने दुमड उघडून आतली बाजू पातळ टिश्यूने पुसा. टिश्यू पारदर्शक झाला तर रेसिपीत ईएसबीओ जास्त आहे किंवा माल हलका आहे. अशाच पट्ट्या एप्रिल ते जून गच्चीवर ठेवा: काही उन्हात, काही टाकीच्या सावलीत. आपल्याकडचा उन्हाळा फुकटची प्रयोगशाळा आहे, तिचा उपयोग करून घ्यावा.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट दिसते. वनस्पती तेल हे बुरशीचं अन्न आहे. पृष्ठभागावर तेल सुटलेल्या, ओल्या गोदामात ठेवलेल्या गुंडाळीवर बुरशी धरते, डीओपीच्या मालापेक्षा लवकर. तेल सुटलं नाही तर ही तक्रारही फारशी येत नाही. उलट दिशेने पाहिलं तर ईएसबीओ डीओपीसारखा उडत नाही. ४५ अंशांच्या उन्हात वर्षानुवर्षे पडून पाईप ताठ होतो त्याचं एक कारण प्लास्टिसायझर उडून जाणं हे आहे, आणि ईएसबीओच्या वाट्याचा हिस्सा तिथे टिकून राहतो.

वायरवाल्यांनी जपून घ्यावं. आम्ल मूल्य आणि ओलावा वाढलेला माल विद्युतरोध खाली आणतो, म्हणून केबल कंपाऊंडमध्ये कमी आम्ल मूल्याचाच ग्रेड आणि तोही बेताने. खाद्यपदार्थांच्या झाकणातली गास्केट बनवणाऱ्यांना हा माल परिचित आहे, पण लोणच्यासारख्या तेलकट पदार्थात तो उतरतो. युरोपने त्याची मर्यादा अन्नाच्या किलोमागे ६० मिलिग्रॅम ठेवली आहे आणि तान्ह्या मुलांच्या अन्नाच्या बाटल्यांच्या गास्केटसाठी ३०. निर्यात करणाऱ्याने हे आकडे तोंडपाठ ठेवावेत. खेळण्यांच्या बाबतीत उलट आहे, तिथे डीओपीच अडचणीत आहे. आयएस ९८७३ या खेळण्यांच्या मानकाच्या नवव्या भागात थॅलेटवर (डीओपी ज्या गटात मोडतो त्यावर) मर्यादा आहे, आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. तिथे डीओपीची पूर्ण जागा एकटा ईएसबीओ घेऊ शकत नाही. सोबत सायट्रेट किंवा डीओटीपीसारखा थॅलेट नसलेला प्लास्टिसायझर लागतो.

बाजारात याच नावाखाली, किंवा ‘बायो प्लास्टिसायझर’ म्हणून, एपॉक्सी मिथाइल एस्टरही विकतात. तेलाचा रेणू तोडून मिथाइल एस्टर केलेला आणि मग एपॉक्सी केलेला हा माल पातळ असतो, मिक्सरमध्ये पटकन शोषला जातो आणि स्वस्त पडतो. पण रेणू लहान असल्याने तो उडतो. डायपाशी धूर दिसतो आणि उन्हाळ्यात पाईपचं वजन कमी होतं. चपलेच्या सोलसाठी चालेल, बागेच्या पाईपसाठी ईएसबीओच घ्यावा. बिलावर नेमकं नाव लिहून मागा.

पर्यावरणाच्या दाव्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. वरच्या रेसिपीत सगळं मिळून १७३ किलोच्या आसपास होतं, त्यात ११ किलो ईएसबीओ. म्हणजे शंभर किलो पाईपमध्ये सव्वासहा-साडेसहा किलो वनस्पतीचं. रेझिनमधलं इथिलीन पेट्रोलियमचंच, आणि फॉर्मिक आम्ल-पेरॉक्साइडही शेतात उगवत नाहीत. तेव्हा पाईपवर ‘हरित’ किंवा ‘जैविक’ छापू नये, ग्राहकाची ती फसवणूक होईल. ‘प्लास्टिसायझरचा पाचवा हिस्सा वनस्पती तेलाचा, शिसेमुक्त’ एवढं खरं आहे आणि ते अभिमानाने छापावं. ११ किलो म्हणजे वर्षाला शेकडो टनांच्या युनिटमध्ये कित्येक टन डीओपीची सुट्टी, ही गोष्ट लहान नाही.

आणि हा माल विदर्भाच्या जवळचा आहे. कळमना बाजारात दिवाळीच्या आसपास सोयाबीनचे ढीग लागतात. दाण्यात तेल जेमतेम १८ ते २० टक्के, बाकीची पेंड. तेलाचा भाव खाद्यतेलाच्या बाजाराला बांधलेला असल्याने ईएसबीओचा भावही त्याच्याबरोबर नाचतो. त्यामुळे वर्षाचा करार एकाच भावाला करू नये, तिमाहीचा करावा. जवसाच्या तेलात दुहेरी बंध जास्त, आयोडीन मूल्य १७० च्या पुढे, म्हणून त्याच्या एपॉक्सीत ऑक्सिरेन ९ टक्क्यांपर्यंत जातो. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसावर संशोधनही चालतं. पण रंग आणि किंमत दोन्हींमुळे मऊ पाईपला तो परवडत नाही. खास कामांसाठी मात्र विचार करण्यासारखा आहे.

साठवणीबद्दल शेवटचं. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की ईएसबीओ गढूळ दिसतो आणि पंपाला ओढवत नाही. माल खराब झालेला नसतो, संतृप्त भाग गोठलेला असतो. ड्रम रात्रभर बंद शेडमध्ये आणून ठेवा किंवा भोवती गरम पाण्याची नळी गुंडाळा, ४०-५० अंशांवर तो पुन्हा नितळ होतो. खाली जाळ करू नका. गरम झाल्यावर ड्रम लोळवून घ्या, नाहीतर वरचा आणि तळाचा माल वेगळा निघतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडऐवजी सावलीत, बुच घट्ट लावून, आडवा ठेवा. उभ्या ड्रमच्या वरच्या ताटलीत पावसाचं पाणी साचतं आणि रात्री ड्रम थंड होताना बुचातून आत ओढलं जातं. उघडलेला ड्रम आधी संपवा, आणि सहा महिन्यांपेक्षा जुना असेल तर वापरण्याआधी आम्ल मूल्य एकदा काढून पाहा.